भाच्याची बंदूक

बंदुकीशी माझा संबंध लहानपणी दिवाळीत उडवलेल्या टिकल्यांच्या पिस्तुलापुरताच. पुढे एम. ए. झाले, मुलांना मराठी शिकवू लागले. शिकार उरली ती उत्तरपत्रिकांतल्या चुकांची! म्हणून यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत अलास्कात, अँकरेजला भाच्याकडे गेले आणि तो म्हणाला, "मावशी, चल, रायफल घ्यायची आहे," तेव्हा मला हसूच आले.

तिकडे मूस नावाचा हरणाच्या कुळातला प्रचंड प्राणी असतो. नर पाचशे किलोंहूनही जड. पुष्कळ घरांत हिवाळ्याची बेगमी त्याच्याच मांसाची. ते रानात टाकून येणे कायद्याने गुन्हा. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला आळा बसला. मला ते बरेच वाटते, पण पाहुणीने किती बोलावे?

दुकानात भाच्याने लिव्हर-ॲक्शन रायफल उचलली. चापाखालची कडी खाली ढकलून वर घेतली, की रिकामे काडतूस बाहेर आणि नवे आत. बंदूक खांद्यावरून काढायला नको. दाट झुडपांत जनावर जवळूनच दिसते, आणि तिथेच अस्वलही असायचे. अशा ठिकाणी ही आखूड, चपळ बंदूक सोयीची.

काडतुसाचे नाव '४५-७०'. मी सवयीने नावाचा विग्रह विचारला. पंचेचाळीस हा व्यास, इंचाच्या शंभराव्या भागांत. सत्तर म्हणजे मूळची काळी दारू, सत्तर ग्रेन. अमेरिकी लष्कराने ते १८७३ साली स्वीकारले. जुनी गोळी ४०५ ग्रेनची, म्हणजे सव्वीस ग्रॅमची.

"पण हिचे नाक असे चपटे का?" मी विचारले. दुकानदाराने समजावले : या रायफलीत काडतुसे नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक बसतात. कठीण टोकाची गोळी पुढच्या काडतुसाच्या टोपीवर टेकली, तर धक्क्याने ते आतच उडायचे! रूझवेल्टने १९०९ साली आफ्रिकेत नेलेल्या ४०५ विंचेस्टरमध्ये काडतुसे पेटीत एकावर एक असत, म्हणून तिला ही भीती नव्हती. तरी हत्ती-गेंड्यांसाठी त्यानेही निराळी, अधिक भारी दुनळी जवळ ठेवली होती.

एकाच नावाची ही काडतुसे सौम्य मिळतात, तशी जोरकसही. जोरकस काडतूस शंभर वर्षांच्या जुन्या बंदुकीत घातले तर बंदूकच फुटायची. भाच्याची बंदूक नवी. त्याने अर्थातच जोरकस घेतले.

नेमबाजीच्या मैदानावर पहिल्या दणक्यालाच त्याचा खांदा लाल झाला. चौथी गोळी तर फळ्यालाही लागेना. तेथल्या वृद्ध शिक्षकांनी बंदूक मागून घेतली, भरली आणि परत दिली. भाच्याने चाप ओढला. आवाज नाही! काडतूस खोटे होते. पण नळी मात्र चार बोटे खाली झुकली. धक्क्याच्या धास्तीने तो आधीच दचकत होता.

"ठिकाणी लागलेली सौम्य गोळी मूस पाडते," म्हातारबुवा म्हणाले. "पोटात लागलेली जोरकस गोळी त्याला झुडपांत तडफडत ठेवते."

भाच्याचा चेहरा उतरला. त्याने काडतुसे बदलली. सौम्य गोळी शंभर यार्डांवर नेम साधून दोनशेवर सुमारे दोन फूट खाली जाते; म्हणून शंभरापलीकडे चाप ओढायचा नाही, असे त्याने ठरवले. मी निघेपर्यंत रोज वीस गोळ्यांचा सराव चालला होता.

सप्टेंबरात फोन आला. "मावशी, मोठा नर दिसला. पावणेदोनशे यार्डांवर. अगदी आडवा उभा."

"मग?"

"बघत राहिलो. गेला तो निघून."

त्याची हिवाळ्याची बेगमी हुकली होती. मला मात्र परीक्षेत पहिला आलेल्या विद्यार्थ्याची बातमी ऐकावी तसे वाटले.