कूलरच्या गवतातली बुरशी

मार्च सरता सरता ताडकळसला माळ्यावरचे कूलर खाली उतरतात. बटण दाबलं की पहिल्याच झोताला ओल्या पोत्यासारखा कुबट वास. "पहिले दोन दिवस येतोच," म्हणून आपण त्यात अत्तराचे चार थेंब टाकतो. तो वास बुरशीचा असतो. अत्तराने ती मरत नाही.

परभणीकडच्या कोरड्या उन्हाळ्यात, पारा ४२ अंशांवर गेला की कूलरला तोड नाही. लिटरभर पाणी वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता ओढून घेतं. पण कूलरचं गवत म्हणजे लाकडाचा कीस, आणि बुरशीचं ते जेवणच. जूनमध्ये ओलंच झाकून ठेवलं की त्यावर काळे ठिपके धरतात. मधमाशीच्या पोळ्यासारखे महागडे पॅडही शेवटी कागदाचेच! पंखा बुरशीचे बीजाणू खोलीभर उडवतो. दमेकऱ्याला रात्र जड जाते.

सकाळी आधी पाण्याची मोटार बंद करा, पंखा अर्धा तास चालू ठेवा, गवत वाळतं. काळं पडलेलं गवत धुऊ नका, बदला. आठवड्याला टाकी रिकामी करून घासा, डासांच्या अळ्याही जातील. आणि आत हात घालण्यापूर्वी प्लग काढाच.