घाटमाथ्यावरच्या मुऱ्या

नव्वदच्या दशकात इगतपुरीतल्या ज्या घरांत फिशटँक होते, तिथले मासे बहुतेक पंचवटी एक्स्प्रेसने आलेले असत. मुंबईला कामानिमित्त जाणारं कुणीतरी वाट वाकडी करून क्रॉफर्ड मार्केटला किंवा कुर्ल्याला जायचं आणि परतीच्या गाडीत हवा भरलेली प्लॅस्टिकची पिशवी मांडीवर सांभाळत कसारा घाट चढून यायचं. गोल्डफिश, गप्पी, एंजल ही नेहमीची मंडळी. त्यांच्या जोडीला ‘तळ साफ ठेवतो’ असं सांगून दुकानदार एखादा लोच गळ्यात घालायचा. नारिंगी अंगावर काळे पट्टे असलेला क्लाउन लोच, तळाशी वळवळणारा कुली लोच, नाहीतर अंगावर इंग्रजी अक्षरं गिरवल्यासारखी नक्षी असलेला योयो लोच. क्लाउन मूळचा सुमात्रा-बोर्निओचा, पूर्ण वाढला की फूटभर होणारा. दोन फुटी टाकीत त्याची वाढ खुंटायची आणि वर्ष-दोन वर्षांत तो जायचा. कुली म्हणून जो विकला जायचा, आणि आजही जातो, तो बहुतेक वेळा पँजिओ सेमिसिंक्टा ही त्याच्या जवळची दुसरीच जात. योयो तर आपल्याच देशातला, गंगेच्या खोऱ्यातला. त्याच्या शास्त्रीय नावात अल्मोडा आहे. आणि तळ साफ करणं हे यांपैकी एकाचंही काम नव्हे. हे मासे वाळूतले किडे, अळ्या आणि गांडुळं खातात, शेवाळाला तोंड लावत नाहीत.

त्याच वर्षांत, गावाबाहेरच्या भातखाचरांत याच माशांचे भाऊबंद टोपलीने निघत होते. पहिले जोराचे पाऊस झाले की दारणा, भाम, वाकी या नद्यांना मिळणाऱ्या ओहोळांतून चढणीचे मासे वर येतात. खाचराचं पाणी जिथून बाहेर पडतं तिथे टोपली नाहीतर जुनं लुगडं लावलं की बोटभर लांबीच्या, गुळगुळीत, मिशाळ मुऱ्या हाती लागतात. तिखटात शिजवलेल्या मुऱ्यांची चव महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांवरच्या पोरासोरांनाही ठाऊक. कुठली मुरी कातळावर राहते, कुठली चिखलात घुसते, कुठली हाताला टोचते, हेही त्यांना ठाऊक. टाकीवाल्यांना मात्र ते माहीत नव्हतं. पिशवीतला लोच आणि टोपलीतली मुरी एकाच गणातली आहेत, एवढी गोष्ट गावात सगळ्यांच्या ध्यानात यायला दोन हजारचं दशक उजाडावं लागलं. गेल्या तीसेक वर्षांत माझ्या मते सगळ्यात मोठा फरक पडला तो इथेच.

कागदावर या माशांची नोंद फार जुनी आहे. मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी म्हणून विल्यम सायक्स १८२४ ते १८३१ या काळात दख्खनभर फिरला. इथल्या माशांवरचं त्याचं लेखन १८३९ मध्ये छापून आलं. मासे धरणाऱ्यांच्या तोंडची नावं त्याने सरळ शास्त्रीय नावांत घेतली. कोलुस, खुद्री, मुस्सुल्लाह ही नावं त्यातलीच, आणि ‘मूरेह’ हेही. म्हणजे आज पॅराकँथोकोबिटिस मूरेह या नावाने जी जात जगभर ओळखली जाते, तिच्या नावात आपली मुरीच बसलेली आहे. पुढे मद्रास लष्करातला डॉक्टर फ्रान्सिस डे याने १८७२ मध्ये पुण्याच्या एका लहानशा मुरीला एव्हेझार्ड या लष्करी अधिकाऱ्याचं नाव दिलं. आज ती इंडोरिओनेक्टिस एव्हेझार्डी. बस्तरच्या कुटुमसर गुहेत काळोखात राहणारे, डोळे बारीक झालेले आणि रंग उडालेले मासे याच जातीचे म्हणून कित्येक वर्षं अभ्यासले गेले. १९२० मध्ये सी. आर. नारायण राव यांनी तुंगा नदीतल्या पट्टेरी बोटिया माशाचं वर्णन केलं. तोच दुकानातला झेब्रा लोच.

एवढं सगळं लिहिलेलं असूनही घरी टाकी ठेवणाऱ्याला त्याचा उपयोग नव्हता. डे यांचे ग्रंथ, ए. जी. के. मेनन यांचे १९८७ आणि १९९२ चे खंड, के. सी. जयराम यांचं १९९९ चं पुस्तक, सगळं ग्रंथालयांच्या कपाटात. चित्र खरं उलगडलं ते २००९ नंतर. कोइम्बतूरहून निघणारं ‘जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा’ कुणालाही फुकट वाचता येऊ लागलं, आणि पुण्यातल्या तरुण संशोधकांनी सह्याद्रीतले मासे पुन्हा पहिल्यापासून तपासायला घेतले. या मंडळींचे आपल्यावर मोठे उपकार आहेत. त्यांनी खवल्यांच्या आणि परांमधल्या काट्यांच्या मोजणीसोबत स्पष्ट फोटो आणि नेमकी ठिकाणं दिली, म्हणून इगतपुरीसारख्या गावात बसून माणूस आपल्या टाकीतला मासा पडताळून पाहू शकला.

पडताळायचं कसं, हे जरा सविस्तर सांगण्यासारखं आहे. वरून पाहिलं तर सगळ्या मुऱ्या तपकिरी काड्या. मासा अरुंद, सपाट काचेच्या भांड्यात घ्यायचा, उजेड बाजूने पाडायचा आणि भिंगातून पाहायचं. रंगावर भिस्त ठेवायची नाही. काळ्या कातळावरून पांढऱ्या वाळूवर आणलेली मुरी तासाभरात फिकी पडते. आधी डोळ्याखाली पाहायचं. तिथे कातडीत लपलेला, टोकाला दुभंगलेला बारीक काटा असेल तर ती लेपिडोसेफॅलिक्थिस, कुली लोचच्याच कुळातली, चिखलात घुसणारी. मासा घाबरला की हा काटा उभा राहतो आणि जाळीत अडकतो. म्हणून तिला जाळीने न धरता ग्लासाने उचलावं, नाहीतर सोडवताना डोळ्याला इजा होते. तिला मिशा आठ, आणि कुशीवर गडद डागांची ओळ. नराच्या छातीच्या परातले आतले काटे जाड होऊन एकमेकांना जुळलेले असतात. नर-मादी इतकी सहज ओळखू येणारी दुसरी मुरी आपल्याकडे नाही.

काटा नसेल आणि मिशा सहा असतील तर ती दगडांतली मुरी. तिच्यात पुन्हा तीन घराणी. शेपटीच्या बुडाशी वरच्या अंगाला डोळ्यासारखा काळा ठिपका आणि पाठीवरचा पर ऐसपैस असेल तर ती मूरेह. अंगावर उभे, स्वच्छ, अंतराअंतराने पट्टे आणि शेपटीच्या बुडाशी काळी रेघ असेल तर शिस्टुरा. तिसरी फसवते. तिच्या पुढच्या नाकपुडीची कड लांब होऊन मिशीसारखी लोंबते, म्हणून मिशा आठ वाटतात. पण काटा सापडत नाही, पाठीवरचा पर आखूड आणि बराच मागे, शेपूट गोल, अंगावर ढगाळ चट्टे. ही इंडोरिओनेक्टिस. दिवसभर दगडाखालून हलत नाही. रात्री खोलीतला दिवा मालवून अर्ध्या तासाने लाल कागद लावलेल्या बॅटरीच्या उजेडात पाहिलं तर वाळूवर मिशा टेकवत, थांबत थांबत ती टाकीचा तळ धुंडाळत असते. अळी मिशीला लागली की डोकं झटक्यात वळतं. वाळू तोंडात जाते आणि कल्ल्यांतून बाहेर पडते, अळी आतच राहते. मला तरी सगळ्या मुऱ्यांत हीच जास्त आवडते.

आणि हिच्याच बाबतीत गेल्या काही वर्षांत सगळ्यात मोठी उलथापालथ झाली. सह्याद्रीभर जिला सरसकट एव्हेझार्डी म्हटलं जात होतं, तिचे नदीखोऱ्यांगणिक वेगळे वंश असल्याचं डीएनएच्या तपासणीतून पुढे आलं. २०२१ मध्ये दोन नव्या जाती जाहीर झाल्या. गोदावरी खोऱ्यातली नीलेशी आणि कृष्णा खोऱ्यातल्या हिरण्यकेशीची राजीवी. नीलेश डहाणूकर आणि राजीव राघवन या दोन मत्स्यअभ्यासकांची ती नावं. त्याच्या आदल्याच वर्षी आंबोलीच्या हिरण्यकेशी उगमातून शिस्टुरा हिरण्यकेशी ही नवी मुरी प्रवीणराज, तेजस ठाकरे आणि बालसुब्रमण्यन यांनी जगापुढे आणली होती, आणि मार्च २०२१ मध्ये राज्य सरकारने तिथली २.११ हेक्टर जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केली. बोटाएवढ्या माशासाठी महाराष्ट्रात एवढं होईल असं नव्वदच्या दशकात कुणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

पाळण्याची रीतही या काळात बदलली, आणि ती बरीचशी लोडशेडिंगने बदलली. २००५ नंतरची पाच-सात वर्षं आठवावीत. दिवसातले कित्येक तास वीज नाही, एअर पंप बंद, आणि एप्रिल-मेचा उकाडा. वीस अंशांच्या पाण्यात लिटरला साधारण नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशांना साडेसात. आपण समुद्रसपाटीपासून सहाशे मीटर उंचीवर, म्हणून आणखी थोडा कमी. वाहत्या ओढ्यातल्या दगडी मुऱ्यांना ही घट सोसत नाही. त्या काचेला चिकटून पृष्ठभागाजवळ येतात, कल्ले भराभर चालतात. चिखलातली लेपिडोसेफॅलिक्थिस मात्र वर येऊन हवेचा घोट घेते, आतड्यातून त्या हवेतला प्राणवायू शोषते आणि खाली जाते. इथले लोक त्यातूनच शिकले. बॅटरीवरचा पंप आला, टाक्या उंच असण्यापेक्षा पसरट झाल्या, माशांची संख्या निम्म्यावर आली. काचेला ओलं फडकं गुंडाळलं की कोरड्या हवेत पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं, हेही त्याच उन्हाळ्यांनी शिकवलं. हिवाळ्यात उलटा फायदा. इगतपुरीच्या डिसेंबरात घरातलं पाणी पंधरा-सोळा अंशांवर गेलं तरी आपल्या मुऱ्या खाऊनपिऊन सुखी असतात, क्लाउनला मात्र हीटर लागतो.

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत, म्हणजे सुमारे साडेछप्पन्न लिटरांत, एकाच जातीच्या चार-पाच मुऱ्या पुष्कळ झाल्या. शिस्टुरा आपल्या दगडासाठी भांडते, म्हणून एकीला दुसरी दिसणार नाही अशी दगडांची रचना करावी. दगड आधी काचेच्या तळावर पक्के बसवायचे आणि मग वाळू टाकायची. वाळूवर दगड ठेवले तर मुऱ्या खालून पोखरतात आणि दगड त्यांच्याच अंगावर येतो. दुकानातली रंगीत धारदार खडी नको, तिने मिशा झिजतात. चाळून, धुऊन घेतलेली बारीक वाळू उत्तम. नवी टाकी भरल्यावर चार ते सहा आठवडे थांबावं, तेवढ्यात अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये वस्ती करतात. या एका गोष्टीत घाई करणाऱ्यांचे जितके मासे मेले, तितके दुसऱ्या कशाने मेले नसतील. झाकण हवंच, कारण पावसाची हवा झाली की मुऱ्या उड्या मारतात. पांढरे ठिपके आले तर औषध निम्म्या मात्रेने सुरू करावं, कारण मुऱ्यांचे खवले बारीक असतात आणि औषध सरळ कातडीला लागतं. गटारातले ट्युबिफेक्स टाळावेत. डासांच्या अळ्या घरच्या घरी होतात, त्या दिवा मालवताना घालाव्यात.

झेब्रा लोचबद्दल वेगळं लिहायला हवं. बोटिया स्ट्रायाटा ही आपल्या कृष्णा खोऱ्यातली, पश्चिम घाटाबाहेर कुठे नसलेली. ती दारणेत नाही. ती देखणी, टोळीने राहणारी, गोगलगायी फस्त करणारी, खाताना टकटक आवाज करणारी, म्हणून परदेशात तिला मागणी. २००५ ते २०१२ या काळात धोक्यात असलेल्या गोड्या पाण्यातल्या माशांचे पंधरा लाखांवर नग भारतातून निर्यात झाले, असं २०१३ मध्ये एका अभ्यासाने दाखवलं. त्यात झेब्रा लोच आघाडीच्या जातींत होता. तोवर आंतरराष्ट्रीय लाल यादीत तो ‘संकटग्रस्त’ म्हणून लागलेलाही होता. दुकानात तो स्वस्तात मिळतो म्हणून तो मुबलक आहे, हा समज त्या वेळी सर्रास होता, अजूनही आहे. कुठून आला ते दुकानदाराला सांगता येत नसेल तर तो मासा घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता इगतपुरीपुरती एक गोष्ट, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपलं गाव पाणलोटाच्या धारेवर आहे. दारणा, भाम, वाकी पूर्वेला गोदावरीकडे आणि पुढे बंगालच्या उपसागराला. वैतरणा आपल्याच तालुक्यातून पश्चिमेला अरबी समुद्राकडे, आणि घाटाखाली भातसाही तिकडेच. मोटारसायकलवर बादली घेऊन माणूस अर्ध्या तासात एका समुद्राचे मासे दुसऱ्या समुद्राच्या ओढ्यात नेऊ शकतो. टाकी बंद करताना ‘बिचाऱ्यांना नदीत सोडून देऊ’ ही भावना चांगली, पण खोऱ्याखोऱ्याच्या मुऱ्या वेगळ्या आहेत हे कळल्यावर ती अंमलात आणता येत नाही. दुकानाच्या माशांचा रोगही त्यांच्याबरोबर जातो. दसऱ्यानंतर आटणाऱ्या खाचरातून चार मुऱ्या आणल्या, तर टाकीवर ओढ्याचं नाव आणि तारीख लिहून ठेवावी आणि त्या टाकीतच शेवटपर्यंत सांभाळाव्यात. नको झाल्या तर दुसऱ्या पाळणाऱ्याला द्याव्यात.

पश्चिमेकडे वाहणारं पाणी गोदावरीत वळवण्याच्या योजनांची चर्चा नाशिक जिल्ह्यात कित्येक वर्षं चालू आहे. कालवे आणि बोगदे झाले तर बादलीचं काम ते कायमचं करतील. तेव्हा आवळखेडपासून वैतरणेपर्यंतच्या एकेका ओढ्यातल्या मुऱ्यांचे बाजूने काढलेले स्वच्छ फोटो, मिशा आणि काटा तपासून, ठिकाण आणि तारखेसह, आत्ताच जमवायला हवेत. मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहे, अरुंद काचेचं भांडं कुठलाही काचवाला करून देतो, आणि कुठल्या दगडाखाली काय सापडेल हे सांगणारी माणसं खाचरांच्या बांधावर अजून आहेत.