चित्रातले जवळचे झाड: हिरवा रंग कुठे बिघडतो?

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना आपल्या वस्त्यांतली पुष्कळ मुलेमुली बसतात. इंटरमिजिएट पास झालेल्यांना दहावीला श्रेणीप्रमाणे जादा गुण मिळतात. पुढे कलाशिक्षक व्हायचे ठरवले तरी ही परीक्षा कामी येते. तेव्हा चित्रकला म्हणजे रिकाम्या वेळेचा उद्योग, असे समजून आईवडिलांनी तिच्याकडे दुर्लक्ष करू नये.

या मुलांची निसर्गचित्रे पाहताना एक गोष्ट आमच्या नेहमी लक्षात येते. आभाळ चांगले जमलेले असते, लांबची टेकडीही बरी असते. पण अगदी पुढची झाडेझुडपे आली की चित्र बसते. बाटलीतला हिरवा रंग जसाच्या तसा कागदावर उतरतो, त्यावर काळ्या रंगाने पाने काढली जातात आणि चित्राच्या तोंडाशी एक हिरवी भिंत उभी राहते. मूल म्हणते, “झाड तर हिरवेच असते ना?” ते खोटे नाही. पण हिरवे म्हणजे किती हिरवे, हा खरा प्रश्न आहे.

करमाडच्या शिवारात किती हिरवे?

जालना रस्त्यावरचे करमाड घ्या. मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावरचे स्टेशन, जवळच शेंद्र्याची औद्योगिक वसाहत आणि बाकी कापूस, तूर, मका, मोसंबी यांचे शिवार. पावसाळा सरल्यावर रस्त्याच्या कडेला उभे राहून पाहिले तर एकसारखा हिरवा रंग कुठेच सापडत नाही. बाभळीचा हिरवा धुळकट आणि पिवळसर असतो. मोसंबीचे पान गडद आणि चकचकीत. तुरीचा रंग मंद, राखाडीकडे झुकणारा. कडुनिंबाची कोवळी पालवी तर तांबूस असते, हिरवी नंतर होते. कपाशीवर लाल्या पडला की पानाच्या कडेपासून लाली चढत जाते.

एकाच झाडाचे पानही चार तऱ्हांनी दिसते. ऊन थेट अंगावर घेणारे पान उजळ दिसते. आपण आणि सूर्य यांच्या मध्ये आलेल्या पानातून प्रकाश आरपार येतो, ते पिवळेधमक भासते. चकचकीत पानावर आभाळ उमटते, ते फिकट निळसर दिसते. आणि सावलीतले पान गडद, निळसर-तपकिरी असते. या चार तऱ्हा ज्याने ओळखल्या त्याचे अर्धे काम झाले.

इंग्रज चित्रकार जॉन कॉन्स्टेबल याच्या चित्रातली कुरणे इतकी जिवंत का वाटतात, याची नोंद फ्रेंच चित्रकार देलाक्रवा याने आपल्या रोजनिशीत केली आहे. कारण साधे होते. तो एकच हिरवा पसरत नसे, अनेक वेगवेगळे हिरवे शेजारीशेजारी ठेवत असे.

आधी उजेड-अंधार, मग रंग

रंगाला हात लावण्यापूर्वी डोळे अर्धवट मिटून समोरचे दृश्य पाहावे. बारीक पाने नाहीशी होतात आणि उजळ, मध्यम व गडद असे मोठे ठिपके उरतात. ते पेन्सिलीने लहानशा कागदावर तीन छटांत टिपून घ्यावेत. या कच्च्या चित्रात पुढचे झाड मागच्या शेतापासून वेगळे उठून दिसले नाही, तर रंग देऊनही ते उठणार नाही.

लांबचे आणि जवळचे यांतला फरक हवेमुळे पडतो. आपण आणि टेकडी यांच्यामध्ये मैलभर हवा आणि धूळ असते. त्यामुळे लांबच्या वस्तू फिकट व निळसर होतात आणि त्यांच्यातला उजेड-अंधाराचा फरक कमी होतो. जवळच्या झाडात मात्र सर्वांत गडद सावली आणि सर्वांत उजळ पान एकमेकांना लागून असू शकते. म्हणून पुढच्या पानात पिवळा-तांबडा अंश जास्त व छटांतला फरक मोठा ठेवावा. लांबच्या झाडीत निळा अंश जास्त व फरक कमी ठेवावा. लांबची झाडीही तितकीच गडद रंगवली, तर ती पुढे धावत येते आणि चित्रातली खोली नाहीशी होते.

तीन रंगांत भागते

मोठी पेटी घेणे प्रत्येक घराला परवडत नाही, आणि त्याची गरजही नाही. पिवळा, निळा, लाल आणि थोडा तपकिरी एवढ्यावर पुढची सगळी झाडी रंगवता येते. पिवळ्यात निळा थेंबाथेंबाने घालावा. निळा उलट क्रमाने घेतला तर पिवळा संपत जातो आणि रंग जागेवर येत नाही. तयार झालेला हिरवा कच्चा, भडक वाटला तर त्यात किंचित लाल किंवा तपकिरी घालावा. लाल हा हिरव्याचा विरुद्ध रंग असल्यामुळे भडकपणा मोडतो. पिवळ्यात जरासा काळा मिसळला तर शेवाळी हिरवा मिळतो. बाभळीला तो चांगला शोभतो.

सावलीसाठी मात्र नुसता काळा वापरू नये. काळ्याने झाडात भोक पडल्यासारखे दिसते. निळा, तपकिरी आणि थोडा लाल मिळून जो गडद रंग होतो, त्यात हवा खेळते.

जलरंग आणि पोस्टर रंग यांची रीत उलट आहे, हेही मुलांना सांगावे. जलरंगात उजळ जागेसाठी कागद कोरा राखावा लागतो आणि फिक्याकडून गडदाकडे जावे लागते. पोस्टर रंग झाकणारा असतो. त्यात आधी गडद पसरून वर उजळ पाने ठेवता येतात. वाळल्यावर पोस्टर रंगाची छटा बदलते. म्हणून कागदाच्या तुकड्यावर लावून, वाळवून पाहावे.

शेजाऱ्यामुळे रंग बदलतो

पॅरिसला गोब्लँ नावाचा भिंतपडदे विणण्याचा प्रसिद्ध कारखाना आहे. तिथल्या रंगाईखात्याचे प्रमुख शेव्रल हे रसायनशास्त्रज्ञ होते. काळा धागा विणल्यावर फिका दिसतो, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी तपासले तेव्हा रंगात खोट सापडली नाही. शेजारच्या रंगांमुळे काळा फिका भासत होता. यावर त्यांनी १८३९ साली मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि पुढच्या चित्रकारांनी त्यातून बरेच घेतले. आपल्याकडे पैठणी विणणाऱ्या कारागिरांनाही ही जाण आहे. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा घेऊन ते धूपछाँव साधतात.

चित्रात याचा उपयोग असा, की पुढचे पान उजळ दिसत नसेल तर त्यात पांढरा ओतत बसू नये. त्याच्या मागची जागा गडद करावी. काळसर फांदी उठत नसेल तर तिच्यामागे उजळ शेत येऊ द्यावे. उजळावर गडद, गडदावर उजळ, अशी अदलाबदल एकाच झाडात दोन-तीन ठिकाणी साधली की झाड कागदातून बाहेर येते. हिरव्या झुडपात वाळक्या पानाचा एखादा तांबडा ठिपकासुद्धा सगळ्या हिरव्याला ताजेपणा देतो.

अजिंठ्याची शाळा

याचा धडा पाहायला दूर जायला नको. आपल्या जिल्ह्यातल्या अजिंठ्याच्या लेण्यांत, विशेषतः १, २, १६ आणि १७ या क्रमांकांच्या लेण्यांत, भित्तिचित्रांतली पानेफुले नीट पाहावीत. पुष्कळ ठिकाणी गडद जमिनीवर उजळ पाने येतात आणि माणसांच्या आकृत्या त्यातून पुढे सरकतात. तिथे रंगही थोडेच आहेत: गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, पांढरा. निळा तेवढा परदेशातून आणलेल्या लाजवर्दी दगडाचा. इतक्या मोजक्या साहित्यात ही चित्रे झाली. १८७२ पासून मुंबईच्या कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली त्यांच्या नकला करण्यात कित्येक हंगाम घालवले. मुलांची अजिंठ्याची सहल निघाली तर एक लहान वही आणि पेन्सिल बरोबर द्यावी. नुसते फोटो काढून डोळा तयार होत नाही.

पाने किती काढायची?

सगळी पाने काढायची नाहीत. आधी झाडाचा मोठा आकार, मग त्यातले उजळ-गडद पुंजके, आणि शेवटी कडेला व प्रकाश पडतो त्या दोन-चार जागी मोजकी स्पष्ट पाने. बाकीची पाहणाऱ्याचा डोळा भरून काढतो. परीक्षेत वेळ मोजका असतो. पानापानात अडकलेल्या मुलाची माणसे, बैलगाडी, घर अपुरे राहते आणि गुण तिथेच जातात. शिवाय पुढची झाडी फार नटवली तर नजर तिथेच थांबते. ती थोडी सावलीत ठेवून मागच्या शेतावर ऊन पाडले, तर नजर आपोआप आत जाते.

आमचे आईवडिलांना एवढेच सांगणे आहे, की मुलाला हिरव्याचे धडे द्यायला तुम्हाला चित्रकला यायला हवी असे नाही. कपाशी वेचणारी आई पानाच्या रंगावरून पिकाला पाणी कमी पडले की लाल्या आला, हे बांधावरून ओळखते. ती नजर वर्षानुवर्षांच्या कष्टाने मिळवलेली आहे. मुलाचे चित्र झाले की तिने ते हातभर लांब धरून पाहावे आणि विचारावे, “ही तूर की बाभूळ?” मुलाला उत्तर सांगावे लागले, तर रंग पुन्हा मिसळावा.