गिझर

गिझर किंवा जलतापक हे आंघोळ, भांडी व कपडे धुणे अशा घरगुती कामांसाठी पाणी तापवणारे उपकरण आहे. आइसलँडमधील गेसिर नावाच्या उष्ण पाण्याच्या फवाऱ्यावरून हा शब्द इंग्रजीत आणि तेथून मराठीत आला. लंडनमधील बेंजामिन वॉडी मॉगन याने १८६८ मध्ये वायूच्या ज्योतीवर वाहते पाणी तापवणारे यंत्र तयार केले व त्याला हे नाव दिले. त्या यंत्रात जळलेला वायू बाहेर नेण्यासाठी धुराडे नव्हते. पुढे १८८९ मध्ये मूळचा नॉर्वेचा असलेल्या एडविन रुड या अभियंत्याने अमेरिकेत स्वयंचलित साठवण जलतापक बनवला.

महाराष्ट्रात गिझर रुळण्यापूर्वी हे काम तांब्या-पितळेचा बंब करीत असे. बंबाच्या मधल्या नळीत लाकूड, कोळसा किंवा नारळाच्या करवंट्या जळत आणि नळीभोवतीचे पाणी तापे. बंबाचे तोंड सैल झाकणाचे असल्याने त्यात दाब साठत नसे. भिंतीवरच्या बंद टाकीबाबत मात्र तसे म्हणता येत नाही.

प्रकार आणि निवड

विजेवर चालणाऱ्या गिझरचे साठवण आणि तत्काळ असे दोन मुख्य प्रकार आहेत. साठवण गिझरमध्ये उष्णतारोधक आवरणाच्या टाकीत पाणी तापवून ठेवले जाते. १५ लिटर पाणी २० अंश सेल्सिअसवरून ६० अंशांपर्यंत नेण्यास सुमारे ०.७ युनिट वीज लागते. २ किलोवॉटच्या गिझरला त्यासाठी वीस-बावीस मिनिटे पुरतात. या तापमानाच्या पाण्यात थंड पाणी मिसळावेच लागते, म्हणून बादलीने आंघोळ करणाऱ्या घरात लहान टाकीही दोघांना पुरते. शॉवरखाली हिशेब बदलतो. तत्काळ गिझरमध्ये साठा नगण्य असतो. ३ किलोवॉटचे असे यंत्र मिनिटाला सुमारे दोनच लिटर पाण्याचे तापमान २० अंशांनी वाढवू शकते. स्वयंपाकघरातील नळाला ते पुरेसे असले, तरी हिवाळ्यात नाशिककडच्या आंघोळीला अपुरे पडते.

२ किलोवॉटचा गिझर जवळजवळ ९ अँपिअर विद्युतप्रवाह घेतो. त्यामुळे त्याला ६ अँपिअरचा साधा प्लग चालत नाही. १६ अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट, विश्वसनीय अर्थिंग आणि गळतीचा प्रवाह जाणवताच वीज तोडणारा स्विच असणे आवश्यक आहे. सौर जलतापकाचा चालू खर्च सर्वांत कमी असतो, परंतु पावसाळ्यातील ढगाळ दिवसांसाठी विजेची जोड ठेवावी लागते.

गॅस गिझर आणि कार्बन मोनॉक्साइड

गॅस गिझरमधून पाणी लगेच आणि भरपूर मिळते. मिनिटाला ६ लिटर पाण्याचे तापमान २५ अंशांनी वाढवण्यास साडेदहा किलोवॉट, म्हणजे विजेच्या सामान्य गिझरच्या पाचपट शक्ती लागते. ती देण्यासाठी तासाला सुमारे एक किलो गॅस जळतो आणि त्याला दहा मिनिटांत दोन घनमीटरांहून अधिक हवा लागते. शहरी सदनिकेतील न्हाणीघरात सगळी मिळून चार-पाच घनमीटर हवा असते. दार लावलेले आणि थंडीमुळे झरोकाही बंद केलेला असेल, तर काही मिनिटांतच प्राणवायू घटू लागतो. मग ज्वलन अपुरे होऊन कार्बन मोनॉक्साइड तयार होतो.

या वायूला रंग नसतो आणि वासही नसतो. स्वयंपाकाच्या गॅसला येणारा उग्र वास गळती लक्षात यावी म्हणून मुद्दाम मिसळलेला असतो. गॅस जळाल्यावर तो राहत नाही, म्हणून ‘वास आला तर कळेल’ हा समज घातक ठरतो. कार्बन मोनॉक्साइड रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके दुखणे, भोवळ आणि मळमळ ही त्याची लक्षणे वाफेमुळे किंवा पित्तामुळे झाली असावीत असे वाटते. हातापायांतील बळ शुद्ध हरपण्याच्या आधीच जाऊ शकते आणि आतील व्यक्तीला कडी काढणेही जमत नाही. बाहेरच्यांना पाण्याचा आवाज ऐकू येत असल्याने शंकाही येत नाही.

यासाठी गॅस गिझर न्हाणीघराबाहेर, खेळती हवा असलेल्या जागी बसवणे आणि आत फक्त गरम पाण्याची नळी नेणे हाच खरा उपाय आहे. यंत्राला धुराडे असेल, तर त्याचे तोंड इमारतीबाहेर मोकळ्या हवेत उघडले पाहिजे. डक्टमध्ये सोडलेला धूर शेजाऱ्याच्या खिडकीतून आत येऊ शकतो. निळ्याऐवजी पिवळी ज्योत आणि आवरणावरची काजळी ही अपुऱ्या ज्वलनाची चिन्हे आहेत. ती दिसताच वापर थांबवून बर्नर स्वच्छ करून घ्यावा लागतो. कोणी आत बेशुद्ध आढळल्यास दारे-खिडक्या उघडून त्या व्यक्तीला प्रथम मोकळ्या हवेत आणतात, गॅस बंद करतात आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावतात. वरवर बरे वाटले, तरी रुग्णालयात प्राणवायू देणे आवश्यक असते.

पाण्याचा दाब

गच्चीवरील टाकी दर १० मीटर उंचीमागे सुमारे १ बार दाब निर्माण करते. वीस मजली इमारतीच्या तळमजल्यावर तो ६ बारच्या आसपास जातो. गिझरला किती दाब सोसेल हे माहितीपट्टीवर लिहिलेले असते आणि ते खरेदीपूर्वी तपासणे लिटरच्या आकड्याइतकेच महत्त्वाचे आहे. शिवाय तापताना १५ लिटर पाणी जवळजवळ पाव लिटरने प्रसरण पावते. हे जास्तीचे पाणी सुरक्षा झडपेतून ठिबकते. ती गळती समजून झडपेचे तोंड बुचाने बंद करण्याची चूक सर्रास होते. त्यातच थर्मोस्टॅट बिघडला, तर टाकी फुटू शकते.

क्षार आणि गंज

कूपनलिकेच्या जड पाण्यात विरघळलेला कॅल्शियम बायकार्बोनेट तापल्यावर कॅल्शियम कार्बोनेट होऊन कॉइलवर बसतो. या थरामुळे उष्णता पाण्यात नीट जात नाही. पाणी तापण्यास वेळ लागू लागतो, टाकीतून कडकड आवाज येतो आणि अखेर कॉइल जळते. मुंबईसारख्या, तलावांचे मृदू पाणी मिळणाऱ्या शहरात हा त्रास पुष्कळ कमी असतो. पोलादी टाकीत मॅग्नेशियमची एक कांडीही असते. ती स्वतः झिजून टाकीला गंजापासून वाचवते. कांडी संपल्यावर टाकीच गंजू लागते. पाणी जड असेल, तर वर्षातून एकदा वीज तोडून टाकी रिकामी करणे, कॉइलवरील क्षार काढणे आणि कांडी पाहून गरजेप्रमाणे बदलणे, एवढी देखभाल लागते. टाकी पुन्हा पूर्ण भरून गरम पाण्याच्या नळाला अखंड धार आल्यावरच वीज सुरू करतात, कारण कोरडी कॉइल अल्पावधीत जळते.