रिलीव्हर हवाच

पहाटे ४

साखर कारखान्यातली पहिली पाळी पहाटे चारला लागायची. पॅनमन म्हणून नोकरी केली, म्हणजे रस आटवून दाणा उभा करण्याचं काम. निवृत्तीला बरीच वर्षं झाली, पण डोळा अजून चारलाच उघडतो. ही साडेपाचच्या आसपास उठते. मधला वेळ माझा. चहा करून ओट्यावर बसायचं, बीपीची गोळी घ्यायची आणि रात्रीची नोंद वहीत करायची: कितीला उठली, बाथरूमला गेली का, दार उघडायला निघाली होती का.

हिला स्मृतिभ्रंश आहे. भारतात साठीपुढच्या शंभर माणसांमागे सातांहून थोड्या जास्त जणांना हा आजार असावा, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. एकूण आकडा सुमारे ८८ लाख. हे झाले आजारी माणसांचे. त्यांच्यासाठी रात्री जागणारे कुणी मोजलेले नाहीत.

सकाळी ६

आंघोळ हे दिवसातलं सगळ्यात अवघड काम. अंगावर एकदम पाणी आलं की ती घाबरते, हात झटकते. म्हणून तांब्या तिच्याच हातात द्यायचा. आधी पायांवर, मग हातांवर, मग ती स्वतःच खांद्यावर ओतून घेते. घाई केली की सकाळ गेलीच म्हणून समजा.

साडी आता सांभाळता येत नाही, म्हणून गाऊन. पण गाऊन घातला की तिचा उजवा हात डाव्या खांद्याशी जातो आणि चाचपडत राहतो. ती पदर शोधते. कुणी बाहेरचं आलं की जास्तच. तिच्या जुन्या सुती साडीचा एक तुकडा कापून ठेवलाय, तो खांद्यावर टाकला की हात थांबतो. हे कुठल्या डॉक्टरने सांगितलेलं नाही. रोज जवळ असणाऱ्यालाच असलं काही सुचतं, आणि ते सुचायला डोकं ताळ्यावर लागतं. माझी झोप झाली नसेल तर मला तो हात दिसतच नाही, फक्त तिची चुळबुळ दिसते आणि राग येतो.

सकाळी ८

आज नळाला पाणी आहे. आम्हा कोपरगावकरांना याहून जास्त सांगायला नको. गावाच्या अंगाला गोदावरी, पण नळ काही रोज येत नाही. पाण्याच्या दिवशी टाकी, ड्रम, हंडे भरायचे आणि चार दिवसांच्या ओल्या झालेल्या चादरी धुऊन काढायच्या. रबरी शीट, दोन जुनी धोतरं, डायपर असा बंदोबस्त असूनही चादरी निघतातच. घरात अंथरुणाला खिळलेलं किंवा भान हरपलेलं माणूस असलं की पाण्याचा हिशेब दुप्पट होतो. तिला समोर खुर्चीत बसवून हातात घड्या घालायला टॉवेल देतो. ती घालते, मोडते, पुन्हा घालते. तेवढ्यात माझा पिळा होतो.

सकाळी १०

कुणी ना कुणी डोकावतं. "काका, तुम्ही किती करता हो काकूंचं! असा माणूस बघायला मिळत नाही."

माझी आई शेवटची काही वर्षं याच खोलीत होती. तिचं सगळं हिनेच केलं, स्वयंपाक, पोराची शाळा, पाहुणेरावळे सांभाळून. तेव्हा हिला कुणी असं दारात येऊन म्हटलेलं मला आठवत नाही. सुनेने करायचंच असतं, हे गृहीतच. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, पुरुषांचा ९७. ही मोजणी फक्त घरकामाची, शुश्रूषेचा रकाना वेगळाच. पुरुषाने केलं की कौतुक होतं, मदतीला दोन हात पुढे येतात. बाईने केलं तर तिचं दुखणंखुपणंही कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून मी जे पुढे सांगतोय ते घरोघरच्या सुना, लेकी आणि बायकांसाठी आधी आहे.

दुपारी १२

कारखान्यात ही चार्ज द्यायची वेळ. पहिल्या पाळीचा माणूस दुसऱ्या पाळीच्या माणसाला पॅनची स्थिती सांगतो, लॉगशीट हातात देतो आणि मगच जागा सोडतो. रिलीव्हर आला नाही तर डबल ड्यूटी. पण डबलवर आणखी पाळी करायची म्हटली तर इंचार्ज हाकलून द्यायचा, "घरी जा, झोप." त्याला आमची दया यायची असं नाही. थकलेल्या हाताने अख्खा पॅन बिघडतो, हे त्याला ठाऊक होतं.

घरातल्या शुश्रूषेला पाळीच नसते. चार्ज द्यायला कुणी नाही, घ्यायला कुणी नाही. आणि इथे थकलेल्या हाताने काय होतं? गोळी दोनदा दिली जाते. गॅस चालू राहतो. ज्या माणसाला सांभाळायचं त्याच्यावरच आवाज चढतो. लोक याला स्वभाव म्हणतात, माया आटली म्हणतात. मला तरी हा प्रश्न पाळीचा वाटतो.

सरकारी योजनांतही ही पाळी सहसा बसत नाही. सत्तरी ओलांडलेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारतमधून वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. चांगलीच सोय आहे, पण ती दवाखान्यात भरती झाल्यावरची. स्मृतिभ्रंशाचं माणूस बहुतेक काळ घरीच असतं. २००७ च्या कायद्याने आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलांवर टाकली. ती पार पाडणाऱ्याला आठवड्याची सुट्टी कोण देणार, याबद्दल त्यात काही नाही. तेव्हा रिलीव्हर आपणच उभा करावा लागतो.

दुपारी ३

माझी रिलीव्हर आली. गल्लीतल्या एक ताई, पूर्वी एका दवाखान्यात आया होत्या. आठवड्यातून तीन दिवस, तीन ते पाच. मुलगा पुण्याला असतो. तो फोनवर सारखा विचारायचा, "बाबा, काय पाठवू?" त्याला म्हटलं, वस्तू नको, ताईंचा पगार तू दे. ईपीएस-९५ च्या पेन्शनीत ते बसणारं नव्हतं. डॉक्टरांची वेळ घेणं, औषधं मागवणं, बिलं भरणं हेही तोच लांबून करतो. लांब राहणाऱ्या लेकरांना करण्यासारखं पुष्कळ असतं. पण नेमकं काम सांगावं लागतं, नाहीतर ती नुसते सल्ले देतात.

ताईंना वही देतो. काय खाल्लं, कोणती गोळी झाली, आज कशाने चिडली, कशाने शांत झाली. वही नसेल तर "मला जमतं तसं दुसऱ्याला जमणार नाही" हे खरं वाटत राहतं आणि माणूस स्वतःला अडकवून घेतो.

सुरुवातीला हे दोन तास बँकेत आणि किराण्यातच जायचे. आता तसं नाही. रिलीव्हरच्या वेळात बाजार करायचा नाही, हा नियम. मी कोपरगाव बेटात शुक्राचार्यांच्या मंदिराकडे जातो. तिथे जुने दोघं-तिघं कारखान्याचे भेटतात. उसाचा भाव, कुणाचा नातू कुठे लागला, असल्या गप्पा. हिच्या आजाराबद्दल कुणी विचारलं तर दोन वाक्यांत सांगतो आणि पुन्हा उसावर येतो. पाचला परततो तेव्हा ती तीच असते, पण मी तीनचा राहिलेला नसतो.

संध्याकाळी ६

दिवेलागणीला तिची घालमेल वाढते. या आजारात बऱ्याच जणांचं असंच होतं, डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. म्हणून उजेड कमी व्हायच्या आतच सगळे दिवे लावतो, टीव्ही बंद ठेवतो. तरी ती दाराशी जाऊन उभी राहते.

"आमचे हे अजून आले नाहीत पाळीवरून."

"येतील. दुपारपाळी आठला सुटते ना?"

"तुम्ही त्यांच्याबरोबरच आहात का कारखान्यात?"

"हो. एकाच पॅनवर."

"मग त्यांना सांगा, भाकरी गार होतील."

"सांगतो."

मीच तुझा नवरा, हे पटवून देण्यात काही हशील नाही. ती घाबरते आणि मला रात्रभर लागून राहतं. समोर बसलेल्या माणसाचं दुःख करायचं, आणि ते करतोय हे त्याला दिसू द्यायचं नाही, हा या कामातला सगळ्यात जड भाग. तो चादरींनी किंवा जागरणांनी मोजता येत नाही.

रात्री ९

ती झोपली की फोन. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णांबरोबर त्यांना सांभाळणारेही एकत्र बसतात. आपल्याकडे तशी बैठक नसेल, तर सांभाळणारे दोघं फोनवर जोडले गेले तरी पुष्कळ. माझ्या ओळखीच्या एका बाईंच्या सासऱ्यांना अर्धांगवायू आहे. आमचं बोलणं दहा मिनिटांचं. "आज मी त्यांच्यावर ओरडले," असं त्यांना दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. मला सांगता येतं.

सांभाळणाऱ्यावर किती भार आहे हे पाहण्यासाठी डॉक्टर २२ प्रश्नांची झारिट यांची मोजपट्टी वापरतात. घरच्या घरी ओळखायला एवढं पुरे: झोपायची संधी असूनही झोप लागत नाही, जेवणावरून मन उडालंय, आपली स्वतःची गोळी विसरली जाते, कुणी आलं तरी बोलावंसं वाटत नाही, आणि "यापेक्षा सुटलो तर बरं" हा विचार पुन्हा पुन्हा येतो. यातलं काही पंधरा दिवस टिकलं तर १४४१६ लावावा. टेली-मानस ही सरकारी मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं, नाव सांगायची सक्ती नाही. सुटकेचा विचार स्वतःला किंवा रुग्णाला इजा करण्यापर्यंत गेला असेल, तर पंधरा दिवस थांबू नका. फोन लगेच करा आणि घरातल्या एकाला जवळ बसवून घ्या. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७ ही एल्डरलाइन सकाळी आठ ते रात्री आठ असते.

रात्री ११

आज शनिवार. पुतण्या मुक्कामाला आलाय, हिच्या खोलीत त्याची गादी. वही त्याला दिली, दाराची वरची कडी दाखवली. मी माडीवर झोपणार, सलग.

तुमच्या गल्लीत असं एखादं घर नक्की असेल. तिथे जाऊन "काही लागलं तर सांगा" म्हणू नका. लागतं तेव्हा कुणी सांगत नाही. "मंगळवारी चार ते सहा मी येऊन बसते, तुम्ही बाहेर जाऊन या," असं सांगा. आणि मंगळवारी चारला दारात हजर राहा.