टाकीत काय होते?

संपादक मंडळाने यंदा 'स्मरणात राहिलेला रुग्ण' हा विषय सुचविला, तेव्हा एखाद्या अवघड निदानाची यशोगाथा सांगावी असा मोह मलाही झाला. परंतु मनात घर करून बसलेला रुग्ण निराळाच आहे. त्याच्या बाबतीत माझी चूक झाली होती.

२०२२ च्या ऑक्टोबरात महाकाल लोक खुला झाला आणि उज्जैनमध्ये बाहेरगावच्या गाड्यांची रीघ लागली. आमच्या परिचयातील एका मराठी कुटुंबातील मुलाने शहराबाहेर गाड्या धुण्याचे केंद्र काढले, तेही नव्या धर्तीचे. गाडीवाल्याने पैसे भरावेत, पाण्याची बंदूक हाती घ्यावी आणि ठरलेल्या मिनिटांत आपली गाडी आपणच धुवावी. मागच्या खोलीत प्लास्टिकच्या चार टाक्या होत्या. एकीत पाणी, दुसरीत फेसाचा साबण, तिसरीत चमक आणणारे द्रावण आणि चौथीत 'चाकांचं ॲसिड'. कामाला विशी ओलांडलेला एक तरुण होता.

ज्येष्ठातल्या एका सायंकाळी तो तरुण माझ्या दवाखान्यात आला. चौथी टाकी तळाशी गळत होती. दुपारी त्याने अर्धा तास खर्चून निपल आवळले, चिरेत लांबी भरली, फडक्याने फरशी पुसली, आणि हे सारे उघड्या हातांनी. उजव्या हाताच्या तीन बोटांची टोके किंचित लाल होती. फोड नव्हता, जखम नव्हती. तो म्हणाला, "डॉक्टरसाब, दिखता कुछ नहीं, पर अंदर हड्डी जल रही है." मी जे दिसले त्यावर विश्वास ठेवला, जे ऐकले त्यावर नाही. वेदनाशामक गोळी आणि भाजल्यावरचे मलम देऊन त्याला घरी पाठविले. चाळीस वर्षांच्या अनुभवाचा असाही एक तोटा असतो.

रात्री दीडच्या सुमारास दारावरची घंटा वाजली. केंद्राचा तरुण मालक त्याला घेऊन उभा होता. "काका, हा भिंतीवर डोकं आपटतोय हो." बोटांची टोके आता राखट पांढरी पडली होती, नखांखाली निळसर छटा होती. सायंकाळी विचारावयास हवा होता तो प्रश्न मी तेव्हा विचारला. टाकीत काय होते?

"ॲसिड, काका."

"कोणते?"

त्याला ठाऊक नव्हते. माल सुटा येई, पिंपावर चिठ्ठी नसे. मी विचारले, "काचेवर सांडले तर काय होते?" तो म्हणाला, "काचेला लावायचंच नाही असं व्यापाऱ्याने बजावलंय. एकदा उडालं होतं, खिडकी कायमची धुरकट झाली."

काच खाणारे आम्ल एकच, हायड्रोफ्लोरिक. ते स्वतः तरी असते, किंवा अमोनियम बायफ्लोराइडच्या रूपाने येते. रसायनशास्त्राच्या दृष्टीने हे दुर्बळ आम्ल, आणि त्याचा धोका त्या दुर्बळतेतच आहे. गंधकाम्ल त्वचेवर तेथल्या तेथे जाळून दाखविते. हे मात्र फारसे विघटित न होता त्वचेतून आत उतरते आणि फ्लोराइड तेथील कॅल्शियम व मॅग्नेशियम बांधून टाकते. द्रावण सौम्य असेल तर वेदना कित्येक तासांनी सुरू होते, आणि वरची त्वचा जवळजवळ निर्दोष दिसते. शोषण अधिक झाले तर रक्तातील कॅल्शियम उतरते, ईसीजीवर क्यूटी अंतर लांबते आणि हृदयाची लय बिघडून मृत्यूही ओढवू शकतो.

त्या रात्री हात पुन्हा भरपूर पाण्याने धुतला. दहा टक्के कॅल्शियम ग्लुकोनेटच्या इंजेक्शनचा एक भाग आणि पाण्यात विरघळणाऱ्या जेलीचे तीन भाग मिसळले की अडीच टक्क्यांचे जेल तयार होते. ते रबरी हातमोज्यात भरून मोजा त्याच्या हातात चढविला. बोट बधिर करण्याचा मोह कटाक्षाने टाळला, कारण उपचार लागू पडतो आहे की नाही हे सांगणारी एकमेव खूण म्हणजे रुग्णाची वेदना. जेल दोनदा बदलावे लागले. पाऊण तासाने तो प्रथमच खाली बसला. ईसीजी आणि रक्तातील कॅल्शियम यांसाठी त्याला रुग्णालयात हलविले, दोन्ही ठीक निघाले. पुढे एक नख गळून पडले, आणि तर्जनीच्या टोकाची संवेदना परतली नाही.

माझी समजूत अशी होती की हे आम्ल कारखान्यांत आणि काचेच्या उद्योगात असते. २०१५ साली अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात वॉशिंग्टन राज्याचा एक अहवाल प्रसिद्ध झाला होता. २००१ ते २०१३ या काळात केवळ गाड्या आणि ट्रक धुताना या आम्लाने भाजलेले ४८ कामगार त्यात नोंदले आहेत, आणि एका ट्रक धुणाऱ्याच्या मृत्यूचीही नोंद आहे. हे वाचले तेव्हा रुग्ण घरी जाऊन आठवडा झाला होता.

माझ्या पिढीच्या डॉक्टरांना तरी या प्रश्नाचा विसर पडावयास नको होता. १९८४ च्या २ डिसेंबरच्या रात्री भोपाळला ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले आणि सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट हवेत गेले. हमीदिया रुग्णालयात माणसे हजारोंनी येत होती, आणि कोणता वायू, त्याला उतारा कोणता, हे तेथील डॉक्टरांना कोणी सांगू शकत नव्हते. मी तेव्हा इंदूरला शिकत होतो. एका तरुणाच्या तीन बोटांची त्या रात्रीशी तुलना करू नये हे मला समजते. तरीही त्या सायंकाळी 'काय गळत होते' एवढेच विचारले असते, तर त्याचे सात तास वाचले असते.

पुढच्या रविवारी मी ती टाकी पाहावयास गेलो. पत्नीने विचारले, "आता टाक्याही तपासणार का?" परंतु गळतीचे कारण मोठे उद्बोधक निघाले. पॉलिथिलीनला आम्ल सहसा खात नाही. मात्र ताणाखालच्या पॉलिथिलीनला साबणाचे पाणी हळूहळू चिरते, आणि चाकांच्या ॲसिडातही साबण मिसळलेला असतो. निपल बसविण्यासाठी तळाशी भोक पाडलेले, ते गळू लागले की पान्याने आणखी आवळलेले, त्यात टाकी उंचसखल विटांवर ठेवलेली. भोकाभोवती केसासारख्या चिरा पसरल्या होत्या. प्रत्येक आवळणीने गळती तासभर थांबे आणि चीर लांबे.

लांबी त्या प्लास्टिकला धरतच नाही. बंपर जोडणाऱ्या कारागिराने गरम हवेच्या बंदुकीने डाग लावून पाहिला, पण बंपरची कांडी पॉलिप्रॉपिलीनची. ती मेणासारखी वर बसली आणि थंड होताच निघून आली. मग जुन्या टाकीचीच पट्टी कापून कांडी केली. चिरेच्या टोकांना बारीक भोके पाडली म्हणजे चीर पुढे धावत नाही. साबणाच्या टाकीवर तो सांधा टिकला आहे. आम्लाच्या टाकीला मात्र मी हात लावू दिला नाही. ती टाकी आणि ते द्रावण दोन्ही मालकाने बंद केली, चाके आता ब्रशने घासतात. सांडलेल्या जागी चुना पसरला. फ्लोराइड त्यातील कॅल्शियमशी बांधले जाऊन न विरघळणारे होते. जो उतारा बोटांना, तोच फरशीला.

उरलेल्या टाक्यांना तळाशी भोक नाही, द्रावण वरून नळीने खेचले जाते. प्रत्येक टाकीखाली तिच्याहून अधिक माप मावेल असा हौद आहे, आणि पिंपांवर हिंदीत नाव लिहिलेले असते. दवाखान्याच्या कपाटात मी कॅल्शियम ग्लुकोनेट आणि जेलीची नळी शेजारी शेजारी ठेवतो. २०२८ च्या सिंहस्थापर्यंत अशी केंद्रे आणखी निघतील.

तो तरुण अजून तेथेच कामाला आहे. गेल्या महिन्यात सर्दीसाठी आला होता. खिशातून पैसे काढताना नोटा तो डाव्या हाताने मोजत होता.