रक्तवाढीची बाटली

किनवटला बाजाराच्या दिवशी औषधाच्या दुकानापाशी घटकाभर उभं राहिलं, की एक मागणी हमखास कानावर येते : "रक्तवाढीची बाटली द्या." हातात चिठ्ठी नसते, तपासणीचा कागद नसतो. सोबत एखादी पंचविशीची सून असते. चेहरा पांढराफटक, नखं फिकी, पाण्याची घागर उचलली तरी धाप लागते. "अंगात रक्तच नाही हिच्या," सासू सांगते. दुकानदार फळीवरून खोकं काढतो. खोक्यावर लालभडक थेंब छापलेला असतो. दिवसाच्या मजुरीतला चांगला वाटा मोजून दोघी बाटली पिशवीत ठेवतात आणि पाड्याकडे जाणारी जीप गाठतात.

त्या सासूला मी दोष देणार नाही. सुनेसाठी ती पदरचे पैसे मोजते आहे. बाटलीलाही सरसकट खोटं म्हणता येत नाही, कारण तिच्यात लोह असतं आणि लोह हे खरंच औषध आहे. आपल्याकडे पांडुरोगावर लोहभस्म आणि मंडूर चरकसंहितेच्या काळापासून दिलं जातं. लोहासव आजही कुठल्याही आयुर्वेदिक दुकानात मिळतं. युरोपात ब्लॉ नावाच्या फ्रेंच डॉक्टरने 1830 च्या दशकात लोहाच्या गोळ्या रूढ केल्या. पुढे 1890 मध्ये कॅनडातल्या जॉर्ज फुलफर्डने एका डॉक्टरकडून गोळ्यांच्या नुस्ख्याचे हक्क अवघ्या 53 डॉलरांत विकत घेतले आणि त्या गोळ्या 'डॉ. विल्यम्स पिंक पिल्स फॉर पेल पीपल' या नावाने जगभर खपवल्या. 'फिकट माणसांसाठी गुलाबी गोळ्या' हे नावच निम्मी जाहिरात होती. अशक्तपणापासून लकव्यापर्यंत सगळं बरं होतं, असा दावा असे. ब्रिटनच्या डॉक्टरांच्या संघटनेने असल्या गुप्त औषधांचं पृथक्करण करून 1909 मध्ये पुस्तक छापलं, तेव्हा या गोळ्यांत मुख्यतः साधं लोह निघालं. ज्यांना लोहच कमी होतं त्यांना गुण आला, त्यांच्याच कहाण्या वर्तमानपत्रांत छापल्या गेल्या. ज्यांचा आजार वेगळा होता, त्यांच्याबद्दल कोण छापणार?

आपल्या टॉनिकांचा रंग लाल का, याचाही विचार करायला हवा. लाल प्यायलं की रक्त वाढतं ही समजूत फार जुनी आहे. बीट खा असं त्यापोटीच सांगतात, पण बिटात लोह बेताचंच असतं. कितीतरी टॉनिकांत पूर्वी जनावरांच्या रक्तातलं हिमोग्लोबीन घालत. अशा मिश्रणांवर केंद्र सरकारने 2000 साली बंदी आणली.

आता हिशेब करू. खूप खपणाऱ्या एका सिरपच्या लेबलावर 15 मिलिलिटरमागे सुमारे 33 मिलिग्रॅम लोह लिहिलेलं आहे. दिवसातून दोनदा घेतलं तर 200 मिलिलिटरची बाटली आठवडाही पुरत नाही. आशाताई गरोदर बाईला फुकट देते त्या एका लाल गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं, आणि ती रोज एक अशी 180 दिवस घ्यायची असते. पण फुकटच्या गोळीला मान नाही. "गोळी गरम पडते," "शौचाला काळं होतं," म्हणून पाकिटं कोनाड्यात पडून राहतात. शौचाला काळं होतं ते न शोषलेल्या लोहामुळे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मळमळ होत असेल तर गोळी रात्री जेवणानंतर घ्यावी. लिंबू पिळलेल्या वरणासोबत लोह चांगलं अंगी लागतं, आणि चहा मागेपुढे तास-दीड तास तरी टाळावा. हे एवढं समजावून सांगायला कोणी पाच मिनिटं दिली, तर बाई गोळी सोडत नाही.

फॉलिक ॲसिडची कथा तर आपल्या मुंबईची आहे. 1928 मध्ये ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर गिरणीत राबणाऱ्या बायकांच्या बाळंतपणातल्या पांडुरोगाचा शोध घ्यायला आली. परळच्या हाफकिन संस्थेत तिने आधी उंदरांवर, मग माकडांवर प्रयोग केले. रोग बरा करणारं काहीतरी तिला मिळालं ते मार्माइट या स्वस्त यीस्ट-अर्कात. 1931 मध्ये तिने ते जाहीर केलं. पुढे दहा वर्षांनी पालकाच्या पानांतून तो घटक वेगळा काढला गेला, त्याचं नाव फॉलिक ॲसिड. आज जगभर गरोदर बायका जी गोळी घेतात, तिच्यामागे परळच्या त्या गरीब बायका आहेत. विल्स बाईने टॉनिक दिलं नाही, आधी कारण शोधलं.

किनवटमध्ये कारण शोधणं तर जास्तच गरजेचं आहे. अनवाणी शेतात जाणाऱ्याच्या पायातून अंकुशकृमी शिरतो आणि आतड्याला चिकटून रक्त पीत बसतो. त्यावर 400 मिलिग्रॅमची अल्बेंडाझोलची एक गोळी लागते, बाटली नव्हे. आणि पैनगंगेच्या अलीकडे-पलीकडे, यवतमाळपासून गडचिरोलीपर्यंतच्या पट्ट्यात, गोंड, प्रधान आणि इतरही समाजांत सिकलसेल हा तांबड्या पेशींचा आजार आहे. साधी तांबडी पेशी 120 दिवस जगते, सिकलसेलची जेमतेम दहा-वीस. पेशी तयार होतात आणि लगेच मोडतात. लोह कमी नसताना सिकलसेलच्या मुलाला टॉनिक पाजत राहिलं तर उपयोग काहीच नाही. ज्यांना वारंवार रक्त चढवावं लागतं, त्यांच्या अंगात तर लोह साठून यकृत आणि हृदय बिघडतं. सांधे दुखतात, हातपाय सुजतात, पोरगं कण्हतं, आणि घरचे म्हणतात रक्त कमी आहे. आई आणि बाप दोघंही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता आजाराची. हे लग्नाआधी कळायला हवं. 1 जुलै 2023 पासून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू आहे, पण मोहीम पाड्यापर्यंत पोचवायला माणसं लागतात.

महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, असं 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळलं. त्याआधीच्या सर्वेक्षणात हा आकडा 48 होता. इतकी टॉनिकं विकली जात असताना आकडा वर गेला. ताटात भाकर आणि मिरचीचा ठेचा एवढंच असेल, बाई सगळ्यांच्या मागून उरलंसुरलं खात असेल, तर बाटली किती पुरी पडणार? अंबाडी, तांदुळजा, जवसाची चटणी, तीळ, डाळ, परवडेल तेव्हा अंडं आणि मटण तिच्या ताटात यायला हवं, आणि तिने सर्वांसोबत बसून जेवायला हवं.

भाऊबीजेला बहीण घरी येईल तेव्हा तिच्या डोळ्याची खालची पापणी अलगद ओढून पाहा. आतला भाग फिका दिसला, तर दुकानात न जाता दुसऱ्या दिवशी तिला घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा किनवटजवळच्या गोकुंद्याचं उपजिल्हा रुग्णालय गाठा. हिमोग्लोबीन आणि सिकलसेल, दोन्ही तपासण्या करून घ्या. या वेळी ओवाळणीत तिला तेवढा एक दिवस द्या.